पुणे–नागपूर विमानाने: तिकिटापलीकडचा हिशेब

लोहगाव ते सोनेगाव हे हवाई अंतर साधारण 600 किलोमीटर. वंदे भारत मात्र दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा वळसा घालत अजनीपर्यंत 881 किलोमीटर धावते. विमानाच्या वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास वेळ दिसतो. त्यातला हवेतला जेमतेम तासाभराचा. बाकीचा धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि उतरल्यावर जागेवर येण्यात जातो.

पण हिंजवडीत नोकरी करणाऱ्या नागपूरकराने घड्याळ घराच्या दारापासून लावावं. संध्याकाळी लोहगाव गाठायला दीड तास सहज जातो. काउंटर बऱ्याचदा तासभर आधी बंद होतो, म्हणजे पावणेदोन तास आधी पोहोचणं आलं. पुढे उड्डाण, पट्ट्यावरच्या बॅगेची वाट, मग घर. साडेपाच-सहा तास धरा. वंदे भारत दिवसाचे बारा तास खाते, तिचं चेअर कारचं भाडं दोन हजारांच्या आसपास. एकट्याला लग्नाला जाऊन दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं असेल तर विमानच. चौघांचं कुटुंब सुट्टीला निघालं असेल तर माझं मत रेल्वेला.

समजा, तिकीट साडेचार हजारांचं आहे. (दिवाळीच्या आठवड्यात हा आकडा विसरा.) त्यावर संकेतस्थळाचं सुविधा शुल्क, आवडीच्या जागेचे पैसे, दोन्हीकडच्या टॅक्सीचे मिळून हजारभर रुपये. साडेचारचे सहा हजार होतात. वाचवायचे असतील तर जागा निवडूच नका, वेब चेक-इनच्या वेळी एखादी फुकट जागा मिळते. कोथरूडकरांनी वनाजहून मेट्रोने रामवाडी गाठावी आणि तिथून रिक्षा करावी. नागपुरात मेट्रोचं विमानतळ स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. जड बॅग असेल तर तो मोह टाळलेला बरा.

सामानाची मर्यादा सहसा 15 किलो, हातातल्या बॅगेची 7. येताना आईने दिलेले डबे आणि संत्र्यांची पेटी याच 15 किलोंत बसवायची असते. जास्तीचं वजन लागणार असेल तर ते ऑनलाइन आधीच घ्यावं, काउंटरवर दर चढा असतो.

तिकीट रद्द करताना बहुतेक जण एक हक्क सोडून देतात. 'नॉन-रिफंडेबल' तिकीट असलं, अगदी तुम्ही विमानतळावर गेलाच नाहीत, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं वापर शुल्क परत मिळायला हवं, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. रद्दीकरण शुल्कही मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. पैसे आपोआप आले नाहीत तर कंपनीकडे पीएनआर क्रमांकासह लेखी मागावेत.