आधी पुस्तक उघड, मग पेटी

अगं, गोधडी शिवायची हौस आहे, आजीची लुगडी आणि आईची सुती पातळं पेटीत आहेत, मशीनला तेलपाणी झालंय, तरी तू मोबाइलवर डिझाइनंच पाहत बसून राहिली! अन् जितकं पाहून राहिली, तितका गोंधळ वाढून राहिला. जपानी फुलं बरी की राजस्थानी हत्ती, हे मला विचारू नकोस. तुझ्या घरच्या गोधडीवर हत्ती कशाला हवेत?

मी सांगते ते ऐक. कपाटातलं ‘ऋतुचक्र’ काढ. २०१९ च्या जानेवारीत आपल्या यवतमाळात ९२ वं साहित्य संमेलन भरलं, अरुणाताई ढेरे अध्यक्ष होत्या, तेव्हा ग्रंथप्रदर्शनातून हौसेनं आणलं होतंस ना? त्याची घडीही मोडली नसशील. दुर्गाबाई भागवतांचं हे पुस्तक १९५६ सालचं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख. शिवणकामाशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि म्हणूनच तुला ते सुचवते. नमुन्यांच्या पुस्तकात दुसऱ्या कुणीतरी पाहिलेलं तयार चित्र असतं, ते आपण उतरवून घेतो आणि मोकळे होतो. दुर्गाबाई पाहायला लावतात. पानाला नुसतं ‘हिरवं’ म्हणून त्या सोडून देत नाहीत. कोवळं कसं, जून कसं, गळायच्या आधी कसं, सगळं टिपतात.

आता बघ, बारा महिने म्हणजे बारा चौकोन. आडवे तीन, उभे चार. प्रत्येक चौकोन शिवून १८ इंचांचा झाला, तर मधला भाग ५४ बाय ७२ इंच होतो. भोवती चार-चार इंचांचा काठ लावला की ६२ बाय ८०, एका माणसाला पाय ताणून झोपायला पुरेशी. कापताना मात्र १९ इंच काप, अर्धा-अर्धा इंच शिलाईत जातो.

पण दुर्गाबाई मुंबईच्या. त्यांनी पाहिलं ते त्यांच्या डोळ्यांनी, आपण पाहायचं ते आपल्या शिवारात. एका बैठकीत एकच महिना वाच. पुस्तक मिट आणि वहीत त्या महिन्याचे तीन रंग लिही, आपल्याकडे दिसणारे. तीनच. चौथा आला की चौकोनात गिचमिड होते.

फाल्गुन सोपा, कारण पळस. पांढरकवड्याच्या रस्त्यानं, टिपेश्वरच्या बाजूला गेलीस तर रान पेटल्यागत दिसतं. पण फूल हातात घेऊन पाहा. पाकळ्या शेंदरी, आणि देठाकडचा भाग काळसर, मखमलीसारखा. तो काळसर रंग शेजारी ठेवल्याशिवाय शेंदरी उठून दिसत नाही. तिसरा रंग निष्पर्ण फांदीचा, राखाडी. झाला चौकोन.

भाद्रपद माझा सगळ्यात लाडका. पऱ्हाटीचं फूल उमलतं त्या दिवशी सायीच्या रंगाचं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. एकाच झाडावर आजचं आणि कालचं फूल शेजारी-शेजारी दिसतं. मग मधोमध सायीच्या रंगाचं जुनं पातळ, त्याला लागून फिकट गुलाबी तुकडा, भोवती गर्द हिरव्या पट्ट्या. पाकळ्या-बिकळ्या कापत बसू नकोस. जिनं पऱ्हाटीत निंदण केलंय, तिला न सांगता कळेल.

वैशाखात भेगाळलेली काळी जमीन. तिथं एकच काळपट कापड लाव आणि भेगा पांढऱ्या दोऱ्यानं, वेड्यावाकड्या टाक्यांनी दाखव. मार्गशीर्षात कपाशीच्या ओळींमधली तूर फुलते, म्हणजे वेचणीचा पांढरा अन् तुरीचा पिवळा एकत्र. माघाला सागाच्या वाळल्या पानांचा खाकी. बाकीचे तुझे तू शोध.

आता पेटी उघड. सुती तेवढं बाजूला काढ. सिंथेटिक साडी कितीही सुंदर असो, सुतीबरोबर शिवू नकोस. ती सरकते, सुती आटतं तेव्हा ती आटत नाही, आणि धुतल्यावर चुण्या पडतात. लाल-जांभळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं घासून पाहा. रंग लागला तर ते वेगळं भिजव, सुटेल तेवढा सुटू दे. सगळं एकदा धुऊन, खळ काढून, इस्त्री करून मगच कात्री लाव. कापूस भरायच्या भानगडीत पडू नकोस. ती रजई झाली, पिंजाऱ्याचं काम. गोधडीच्या पोटात जुन्या पातळांचे दोन-तीन थर पुरेत.

फाटकं-विटकं कापड पाहून नाक मुरडू नकोस. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं गाव आहे, आपल्यासारखंच कापसाच्या मुलखातलं. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. मिसूरी पेटवे नावाच्या बाईनं १९४२ मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी केली. थंडीसाठी शिवलेल्या या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. बाबांचा तो कोपरात विरलेला सदरा आहे ना, तो आषाढाच्या चौकोनात घे. पेरणी-डवरणीतच झिजलाय तो.

चौकोन मशीनवर जोड, पण धावदोरा हातानंच घाल. जमिनीवर सतरंजी टाकून खालचं अस्तर ताणून पसर, वर थर, वर चौकोनांचं कापड. आधी लांब कच्चे टाके घालून सगळं बांधून घे, नाहीतर थर सरकतात आणि एका कोपऱ्यात झोळ येतो. मग काठापासून सुरुवात करून गोल-गोल आत ये, दोन ओळींत बोटभर अंतर ठेव. दोरा जाड सुती, मेणावरून ओढलेला, म्हणजे गुंता होत नाही. दिग्रस-पुसदकडच्या एखाद्या बंजारा तांड्यावर जाणं झालं, तर जुन्या याडीच्या, म्हणजे म्हाताऱ्या आईच्या, हातचं काम जरूर पाहा. काच-कवड्यांवर नजर खिळते, पण तू खालचे टाके पाहा, चौकटीत चौकटी कशा घातल्यात ते. तसा काठ तुझ्या गोधडीला शोभेल.

आणि आजीच्या लुगड्याला कात्री लावताना हात थांबेल, हे मला माहीत आहे. काठ-पदर अख्खे काढून ठेव, ते गोधडीच्या चारी बाजूंना लाव. मधलं अंग मात्र बिनधास्त काप. पेटीत ठेवून तसंही कसरच खाऊन राहिली आहे.

सगळे बारा महिने वाचून होईपर्यंत थांबू नकोस. सध्या जो महिना चालू आहे तिथूनच उघड, बाहेर अंगणात जाऊन खात्री करता येते. वाचलंस की मला फोन कर. तीन रंग कोणते लिहिलेस ते आधी सांगायचं, सासरच्या तक्रारी नंतर.