माणूस पृथ्वीचा वैरी आहे काय? – हुला खोऱ्याचा धडा



माणूस ज्या पृथ्वीवर राहतो तिलाच तो घातक आहे काय, हा प्रश्न हल्ली शाळेतली मुलेसुद्धा घरी येऊन विचारतात. कोणी म्हणतो, माणूस म्हणजे पृथ्वीला लागलेली वाळवी. दुसरा म्हणतो, परमेश्वराने सृष्टी माणसाच्या स्वाधीन केली आहे, मग त्याने वाटेल ते करावे. आम्हाला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. म्हणून या वेळी आपल्या इस्राएल देशातल्याच एका जागेचा अभ्यास करू.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करावी. पृथ्वीचा गोळा सुमारे साडेचारशे कोटी वर्षांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर गेले, तरी तो फिरतच राहिला. त्याला माणूस बुडवील ही भीती व्यर्थ आहे. बुडतात ती त्यावरची पाणथळे, झाडे, जनावरे आणि शेवटी माणसाची स्वतःची शेते. तेव्हा प्रश्न त्यांच्याविषयी विचारला पाहिजे.

आता हुला खोरे पाहा. हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी दान, बनियास आणि हसबानी हे प्रवाह मिळून यार्देन नदी होते. खोऱ्याच्या दक्षिण टोकाला काळ्या दगडाचा बांध आडवा आल्यामुळे पाणी तुंबून राही. त्यातून एक तळे आणि त्याच्या उत्तरेला पपायरसच्या लव्हाळ्याची मोठी दलदल झाली होती. घवारना नावाचे अरब लोक तेथे म्हशी पाळीत आणि पपायरसच्या चटया विणीत. 1883 साली येसूद हामाला ही यहुदी वसाहत तळ्याकाठी उभी राहिली आणि मलेरियाने तिच्यातली कितीतरी माणसे नेली. या दलदलीवर लोकांचा राग होता तो उगाच नव्हता.

1951 ते 1958 या वर्षांत केरेन कायेमेथने यार्देनचे पात्र खोल करून व कालवे खणून हे तळे आणि दलदल कोरडी केली. ते दिवस आठवा. 1948 नंतरच्या साडेतीन वर्षांत देशाची वस्ती दुप्पट झाली होती. आपल्या बेने इस्राएल लोकांच्या पहिल्या तुकड्या त्याच सुमारास मुंबईहून येत होत्या. अन्न शिध्यावर मिळे. जमीन हवी होती, पाणी हवे होते. ज्यांनी हे काम केले त्यांना दुष्ट म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र शास्त्रज्ञांनी आधीच धोक्याची सूचना दिली होती, आणि मलेरिया तर डीडीटीच्या फवारणीने तोवर बराच आटोक्यात आला होता, हेही सांगितले पाहिजे.

पुढे काय झाले? दलदलीच्या तळाशी पीट होते, म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली साठलेला अर्धवट कुजलेला पाला. पाण्याखाली हवा नसल्यामुळे तो टिकून राहतो. पाणी काढताच हवा आत शिरली, जंतूंनी त्याचा फडशा पाडायला सुरुवात केली आणि जमीन वर्षानुवर्षे खचू लागली. कोरडे पीट आतल्या आत पेट घेई. वाऱ्याबरोबर त्याची पूड उडे, शेतात उंदीर माजत. हिवाळ्याच्या पावसात त्यातले नायट्रेट यार्देनमधून वाहत किन्नेरेथ तळ्यात जाई, आणि 1964 पासून देशाच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग तर किन्नेरेथमधूनच निघे! सोन्यासारखी म्हणून मिळवलेली जमीन ठिकठिकाणी पडीक पडली.

हुलाचा एक मासा कायमचा नाहीसा झाला. काळ्या पोटावर पांढरे ठिपके असलेला एक बेडूक जगात फक्त येथेच सापडत असे; 1955 नंतर तो कोणाला दिसला नाही आणि 1996 साली तो नामशेष म्हणून जाहीर झाला.

पण गोष्ट येथे संपत नाही. 1953 साली निसर्गप्रेमी लोकांनी संस्था काढली. त्यांच्या खटपटीने सुमारे 3,200 दुनाम दलदल वाचली, आणि 1964 साली ती देशातले पहिले राखीव अभयारण्य झाली. 1994 साली जवळच सुमारे 1,000 दुनाम जमिनीवर पुन्हा पाणी सोडून अगामोन नावाचे तळे केले, आणि पीट ओले राहावे म्हणून जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर आणली. हे काम कोणी केले? त्याच केरेन कायेमेथने! 2011 साली तो बेडूक अभयारण्यात जिवंत सापडला.

दुरुस्तीलाही कटकटी आहेतच. हिवाळ्यात हजारो क्रौंच पक्षी येथे उतरतात. भुईमुगाचे नुकसान होऊ नये म्हणून त्यांना एका बाजूला मका घालतात. 2021 च्या डिसेंबरात पक्ष्यांच्या तापाची साथ येऊन पाच हजारांहून अधिक क्रौंच मेले. एवढे पक्षी एका जागी जमवणे शहाणपणाचे आहे काय, याचा वाद आहे.

बेरेशीथच्या पहिल्या अध्यायात माणसाला सृष्टीवर अधिकार दिला आहे, तेवढेच लोक सांगतात. दुसऱ्या अध्यायात त्याला बागेत ठेवले ते तिची मशागत करायला आणि राखण करायला. देवारीमच्या विसाव्या अध्यायात तर वेढा घातलेल्या शत्रूच्या नगराचीही फळझाडे तोडायची मनाई आहे.

आपल्या वाडवडिलांच्या कोकणात, अलिबाग-पेणच्या बाजूस, खाडीचे पाणी बांधाने अडवून खारभूमीत भात पिकवीत. भरतीला उघाडी बंद करायची, ओहोटीला पावसाचे पाणी सोडून द्यायचे. तीही सृष्टीत ढवळाढवळच. पण बांध फुटला तर गावाला सकाळी दिसे आणि गावच तो बांधी. हुलाचे कालवे एकदा खणले, त्यांचा परिणाम कळायला वर्षे गेली, आणि तोवर खचलेली जमीन वर येणार नव्हती. आमच्या मते घातक आहे तो हा वेग, आणि परत फिरायला वाट न ठेवणे.

ज्यांना पाहायला जायचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. अभयारण्य आणि अगामोन या दोन वेगळ्या जागा आहेत, एकीलाच पाहून परत येऊ नये. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना अभयारण्यात जरूर न्यावे. तेथे म्हशी पुन्हा आणून सोडल्या आहेत, त्या चिखलात डुंबताना दिसतात. या जनावराचे मूळ हिंदुस्थानातले, त्यामुळे ओळख करून द्यावी लागणार नाही.