वैनगंगेचा पाहुणा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांच्या सीमेवरून वैनगंगा वाहते. पुढे तिला वर्धा मिळते आणि त्या एकत्र प्रवाहाला प्राणहिता हे नाव प्राप्त होते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या या नद्यांचे पाणी हिवाळ्यात ओसरते व पात्रात वाळूची बेटे उघडी पडतात. अशा बेटांवर उतरणारा दूरदेशीचा पाहुणा म्हणजे चक्रवाक.

चक्रवाक हे एक मोठे बदक होय. त्याला ब्राह्मणी बदक असेही म्हणतात. त्याचे अंग नारिंगी-तपकिरी, डोके फिकट व शेपटी काळी असते. लडाख, तिबेट आणि मध्य आशिया येथे तो घरटी करतो. तेथे थंडी वाढू लागली, की तो दक्षिणेची वाट धरतो. ही वाट सोपी नाही. पाठीवर लहानसे यंत्र बसवून शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांच्या प्रवासाचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. हिमालयाच्या परिसरात एक चक्रवाक ६,८०० मीटर उंचीपर्यंत गेल्याचे त्यात आढळले!

चक्रवाकाच्या जोडीचा रात्री वियोग होतो, असे आपले प्राचीन कवी सांगत आले. निरीक्षकांना मात्र वेगळेच दिसले. हे पक्षी बहुधा रात्री चरतात आणि अंधारात एकमेकांना साद घालतात. त्या हाका ऐकूनच कवींना वियोगाची कल्पना सुचली असेल.

रात्री चरणारा पक्षी दिवसा विसावतो. त्या वेळी छायाचित्रासाठी कोणी जवळ गेले, की तो उडून जातो. वारंवार उडावे लागले, तर त्याची शक्ती व्यर्थ खर्च होते. अंगात साठलेली चरबी हीच तर त्याची परतीच्या प्रवासाची शिदोरी! म्हणून पक्ष्याने मान उंचावली, की निरीक्षकाने जागीच थांबावे. तो अस्वस्थ दिसला, तर हळूच मागे यावे.

छायाचित्राचे मोल थोडे नाही. एखादे दुर्मिळ बदक नदीवर दिसले, तर नुसत्या सांगण्यापेक्षा छायाचित्राचा पुरावा भक्कम ठरतो. दुरून घेतलेले चित्र सुबक नसले, तरी पक्ष्याची ओळख पटण्यास ते पुष्कळदा पुरेसे होते. त्यासोबत वहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि पक्ष्यांची संख्या टिपून ठेवावी.

पाहुण्याला पाहावे, ओळखावे. परंतु त्याचा विसावा मोडू नये. अतिथिधर्म तो हाच.

स्वाध्याय
१. चक्रवाकाविषयी कवींची कल्पना कोणती? निरीक्षकांना काय दिसले?
२. लेखकाने ‘शिदोरी’ कशाला म्हटले आहे? का?
३. तुमच्या गावच्या नदीवर वा तळ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या एका पक्ष्याचे दुरून निरीक्षण करा व दहा ओळी लिहा.