विखुरलेले रोगी, एकच मूळ

१९९३ साली अमेरिकेच्या पश्चिमेकडील चार राज्यांत अर्धकच्च्या मांसाच्या वड्या खाऊन ७०० हून अधिक लोक आजारी पडले. ४ बालके दगावली. अशा साथीत गावोगावी रोगी थोडे आढळतात. त्यामुळे सर्वांचे मूळ एकच आहे, हे लवकर ध्यानी येत नाही. यास्तव १९९६ साली तेथे ‘पल्सनेट’ ही प्रयोगशाळांची साखळी स्थापन झाली. प्रत्येक प्रयोगशाळा रोगजंतूची आनुवंशिक खूण ठरीव पद्धतीने काढून मध्यवर्ती संग्रहास कळविते. दूरदूरच्या खुणा जुळल्या, की दूषित अन्नाचा शोध सुरू होतो.

परंतु पहिली वार्ता रोग्याजवळूनच यावी लागते. शाळेत अनेक मुलांस एकदम उलट्या-जुलाब झाल्यास शिक्षकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे व उरलेले अन्न तपासणीसाठी राखून ठेवावे.