गोळे माझे फुटले नव्हते

पहिल्यांदा एक स्पष्ट करते. सार फाटलं ते माझ्या घरात नाही. माझ्या ओट्यावरून निघालं तेव्हा ते तीन वेगवेगळ्या भांड्यांत होतं. मोठ्या पातेल्यात फोडणी दिलेलं टोमॅटोचं सार, डब्यात वाफवलेले डाळीचे गोळे आणि स्टीलच्या बरणीत नारळाचं दूध. पानं मांडायच्या पंधरा मिनिटं आधी हे एकत्र करायचं होतं. झाकणाला चिठ्ठी चिकटवलेली होती, तोंडी सांगून झालं होतं आणि भांडी उतरवून घेताना यजमानीणबाई "हो हो काकू, कळलं" म्हणाल्याही होत्या. तरी दुपारी सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर फोटो पडला आणि खाली ओळ होती, "घरगुती म्हणून विश्वासाने मागवलं, गोळ्यांचा नुसता लगदा." त्याखाली हळहळीची रांग. त्यातल्या कितीतरी जणींनी माझ्या हातचे गोळे वाटी पुढे करून करून खाल्लेत, पण त्या दिवशी एकीनेही तोंड उघडलं नाही.

ऑर्डर २०२३ च्या अधिक श्रावणातली, धोंड्याच्या जेवणाची. जावई नागपूरचे, त्यांना कढीगोळे प्रिय. सासऱ्यांना ताक-दही वर्ज्य, म्हणून गोळे टोमॅटोच्या सारात सोडायचे ठरलं. धोंडे आणि अनारसे त्यांच्या घरीच होणार होते, माझ्याकडे फक्त सार-गोळे. भाव ठरला जूनच्या सुरुवातीला. त्याआधीच्या मे महिन्यात शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतून देत होते, आणि जुलैत तोच टोमॅटो शंभरी ओलांडून पुढे गेला. ज्यांचा माल तेव्हा निघाला त्यांनी कमावलं, चांगलंच झालं, एरवी त्यांना विचारतंय कोण. पण माझा हिशोब पार कोलमडला. मी वर एक रुपया मागितला नाही. शब्द दिला होता. याची कुणाला आठवणही नसेल, म्हणून लिहून ठेवते.

टोमॅटोही मी निवडून घेतला होता. लांबट, जाड सालीचा संकरित टोमॅटो टिकायला आणि ट्रकमधून जायला चांगला, साराला त्यात दम नसतो. त्याचा गर जास्त, आंबटपणा बेताचा. साराला चपटा, खाचा असलेला, पातळ सालीचा गावठी लागतो. तो नाहीच मिळाला तर संकरित घ्या, पण पूर्ण लाल झालेला, आणि मग गूळ हात राखून घाला. टोमॅटो वाफवायचा, साल काढायची, मिक्सरमधून फिरवून गाळायचा. गाळायचा कंटाळा करू नका, बिया दाताखाली आल्या की सार सूप होऊन बसतं. फोडणी तुपाची, जिरं, हिंग, कढीपत्ता, एखादी मोडलेली मिरची. एवढं सगळ्यांना येतं.

खरी गोम गोळ्यांत आहे. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची आणि चाळणीत इतकी निथळवायची, की मुठीत दाबली तर पाणी सुटू नये. वाटताना पाण्याचा थेंब नाही. भरड वाटायची, अर्धवट वाटलेल्या डाळीचे कण हाताला लागले पाहिजेत. मिक्सरचं भांडं अडलं की लोक पाणी घालतात आणि तिथेच गोळा हातचा जातो. थांबायचं, चमच्याने खाली-वर करायचं, पुन्हा फिरवायचं. आलं, मिरची, जिरं, हिंग, हळद, मीठ, कोथिंबीर. एक वाटी डाळीचे छोट्या लिंबाएवढे पंधराएक गोळे होतात. त्यातला एक उकळत्या पाण्यात सोडून बघायचा. टिकला तर टिकला, विरायला लागला तर मिश्रणात चमचाभर बेसन.

कढीगोळ्यांत कच्चे गोळे थेट उकळत्या कढीत सोडतात. सारात मी तसं करत नाही. आंबटात डाळ शिजत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच पडतं. तेच इथे लागू. टोमॅटोच्या आंबट पाण्यात कच्चा गोळा सोडलात तर तो बाहेरून भिजून सुटा होतो आणि आत कचकचीत राहतो. म्हणून तेल लावलेल्या चाळणीवर आधी पंधरा मिनिटं वाफवायचे. मग सार खळखळत असताना एकेक सोडायचे, पाचेक मिनिटं मंद उकळी द्यायची. या वेळात डाव आत घालायचा नाही. पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवायचं, बस्स. गोळे सार पितात. जास्त वेळ ठेवलेत तर फुगतात, आणि फुगलेल्या गोळ्याला डाव लागला की भुगा.

आता नारळाचं दूध. गोळ्यांना उकळी हवी आणि दुधाला उकळी चालत नाही, सगळा खेळ एवढाच आहे. आंबट आणि कडक आच एकदम लागली, की नारळाच्या दुधाचा चोथा वेगळा होतो आणि तेल वर तरंगतं. सोलकढी कुणी गॅसवर चढवतं का? मग हे का चढवायचं? गोळे मुरले, गॅस बंद केला, उकळी बसली, की कोमट केलेलं दाट दूध धारेने घालायचं. मी त्यात आधी चमचाभर तांदळाची पिठी कालवते, जरा आधार राहतो. नंतर पुन्हा गरम करावं लागलंच तर वाफ येईपर्यंत, बुडबुडा येता कामा नये. म्हणून मी तीन भांडी दिली होती. हौस म्हणून नाही. चार ठिकाणी भांडी विसळायला मलाही आवडत नाही.

साडेबाराच्या सुमाराला फोन आला, "काकू, सार नासलंय." नासलंय हा शब्द ऐकूनच डोक्यात तिडीक गेली. पहाटे उठून केलेलं सार बारा वाजता नासत नाही. तशीच चपला अडकवून गेले. स्वयंपाकघरात पाय टाकला आणि पातेल्याकडे बघायची गरजच उरली नाही. सिंकशेजारी माझी नारळाच्या दुधाची बरणी धुऊन पालथी घातलेली होती. कोरडी ठक्क. धुऊन वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आधी ती रिकामी झालेली होती. शेजारी गोळ्यांचा डबा, तोही तसाच. माझी चिठ्ठी झाकणावर जिथल्या तिथे, कुणी सोललीही नव्हती. आणि पातेल्याखाली मोठी शेगडी भसाभस पेटलेली.

झाकण काढलं. वर केशरी तेलाचा थर, त्याखाली पांढरे कण, आणि डाव फिरवला तर तळाशी करपलेल्या डाळीचा वास.

"दूध कधी घातलं?" मी विचारलं.

उत्तर यजमानीणबाईंच्या नणंदबाईंनी दिलं. त्या आदल्या दिवशी मुलुंडहून आल्या होत्या आणि आल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. "अहो, दहा वाजताच घातलं सगळं. म्हटलं मुरू दे एकत्र. मधूनमधून ढवळत होते मी, खाली लागू नये म्हणून."

अडीच तास. मोठ्या आचेवर. ढवळत.

मी म्हटलं, चिठ्ठीवर लिहिलं होतं. तर म्हणाल्या, चिठ्ठ्या वाचून का कुणी स्वयंपाक करतं, आम्ही काय नवीन आहोत का. वर मला सल्ला, "पुढच्या वेळी गोळ्यात चिमूटभर सोडा घाला, म्हणजे फुटणार नाहीत." सोडा! सोड्याला टोमॅटोचा आंबटपणा भेटला की फेस येतो, गोळा आतून फुगून चिरतो. गोळे फोडायचेच असतील तर याहून हमखास उपाय नाही. पण समोर तीस माणसं जेवायला बसत होती, जावईबापू पाटावर होते, मी गप्प बसले. गाळून, पिठी लावून, घुसळून थोडंफार सावरता आलं असतं. तसं मी सांगितलंही. "राहू द्या आता," म्हणाल्या आणि माझ्या हातातला डाव घेतला.

यजमानीणबाईंचा राग मला जास्त आहे. नणंदेचा स्वभाव त्यांना माहीत होता. त्या दाराशी उभ्या राहून पदराशी चाळा करत होत्या. नणंदेला दुखवायचं नाही म्हणून खापर माझ्या माथी फोडलं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. ग्रुपवरचा फोटो त्यांच्याच फोनवरून आला.

घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायकांना चार गोष्टी सांगते. पैसे निम्मे आगाऊ आणि निम्मे भांडी हातात देताना. "कार्यक्रम झाल्यावर देते" हे वाक्य ऐकून घेऊ नका, मग ती शेजारीण असो की मावसबहीण. टोमॅटो, कांदा, नारळ यांचा भाव महिना आधी बांधून देऊ नका. देताना भांडी उघडून आतल्या पदार्थाचा फोटो काढा, वेळेसकट. चिठ्ठी भरवशाची नाही, सूचना फोनवर लिहून पाठवा, म्हणजे वाचल्याची खूण उरते. नारळाच्या दुधाचा पदार्थ असेल तर शेवटचा हात फिरवायला स्वतः जा, आणि जायचे पैसे लावा. जाणं जमत नसेल तर तो पदार्थ घेऊच नका, सरळ साधी आमटी द्या, ती कुणी तासभर उकळली तरी तिचं काही बिघडत नाही. आणि अर्थातच सामान ताजं घ्या, स्वच्छता पाळा, वेळेवर पोचवा, हे काय सांगायचं.

मागवणाऱ्यांनाही एक विनंती. तयार पदार्थ घरी आला, की त्याला आपला हात लावल्याशिवाय काहींना चैन पडत नाही. मीठ-साखर चाखून बघा, हरकत नाही. पण करणारीने वेगळं दिलेलं वेगळंच ठेवा, आणि आपल्या हाताने बिघडलं तर तिचं नाव ग्रुपवर टाकू नका. तिची पुढच्या महिन्याची कमाई त्या एका ओळीवर जाते. माझ्या गौरीच्या दोन ऑर्डरी गेल्या.

आणि भांड्यांवर नाव घालून घ्या, असं सगळ्या सांगतात. मी घातलेलं आहे, कोरून, कानाच्या खाली. पातेलं त्यांच्याकडेच आहे आणि उरलेले पैसेही.