‘व्हायरल आहे’ म्हणाले आणि चार दिवस गेले

आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, ताप मंगळवारी रात्री साडेनऊला सुरू झाला. वेळ इतकी नेमकी सांगतेय, कारण पुढे आयसीयूच्या दारात एका तरुण डॉक्टरनं मला सगळ्यात आधी तीच विचारली. जेवणं झाली होती, आई ओटा आवरत होत्या, आणि दहा मिनिटांत त्यांना हुडहुडी भरली. फडकं तसंच टाकून त्या आत जाऊन पडल्या. ‘मान मोडल्यासारखी दुखतेय गं,’ म्हणाल्या. थोड्या वेळानं पांघरुणातूनच, ‘आमची आजी सांगायची, मानमोडीच्या साथीत माणसं अशीच एकाएकी पडायची.’

मानमोडी म्हणजे 1918 सालचा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला आणि पावसाळा सरता सरता गावंच्या गावं झोपवून गेला. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं त्यात गेली. म्हणजे आईंनी आपल्या दुखण्याचं नाव पहिल्याच रात्री सांगितलं होतं. मला ते उमगलं नाही. पण दारावर डॉक्टरची पाटी लावून बसलेल्या माणसाला उमगायला हवं होतं.

त्याआधीच्या रविवारी आमच्याकडे श्रावणातला सत्यनारायण होता. धाकटी जाऊ सहकुटुंब आली. तिचा नऊ वर्षांचा मुलगा आल्या आल्या सोफ्यावर लोळला. डोळे लाल, नाक वाहतंय. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला. ‘काही नाही हो ताई, शाळेत सगळ्यांनाच आहे. निघताना तापाची गोळी दिलीय त्याला.’ म्हणजे ताप आहे हे घरून निघतानाच माहीत होतं! आजीनं नातवाला मांडीवर घेतलं, प्रसादाचा शिरा हातानं भरवला आणि त्याचा उरलेला स्वतः खाल्ला. दोन दिवसांनी आजी अंथरुणाला खिळली.

बुधवारी सकाळी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. पंधरा वर्षं आमचं घर त्यांच्याकडे जातं. आईंचं वय 69, साखर बारा वर्षांपासूनची, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पदरावरूनच स्टेथोस्कोप टेकवला, ‘व्हायरल आहे, घरोघरी चालू आहे,’ म्हणाले, एक इंजेक्शन टोचलं आणि कागदाच्या पुड्यांत तीन रंगांच्या गोळ्या बांधून दिल्या. कशावरच नाव नाही. त्या इंजेक्शनात काय होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. दुपारी दरदरून घाम आला, ताप उतरला, आम्हाला हायसं वाटलं. रात्री पुन्हा 103.

गुरुवारी परत गेलो. या वेळी मी सरळ विचारलं, ‘डॉक्टर, हा फ्लू तर नसेल? आईंना साखर आहे, ती फ्लूची गोळी सुरू करायची का?’ त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, ‘मॅडम, मोबाइलवर वाचून डॉक्टर होता आलं असतं, तर आम्ही कशाला शिकलो असतो?’ बाकावरचे दोघं-तिघं हसले. मी गप्प बसले. सलाइन लावलं, अँटिबायोटिक लिहून दिलं, आम्ही घरी आलो.

तेव्हा ताप सुरू होऊन दीड दिवस झाला होता. ती गोळी सगळ्यात उपयोगी पडते तो काळ अजून हातात होता. हसण्यावारी गेला तो.

हे पुणं आहे हो! 2009च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी याच शहरात घेतला. नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा, बंद शाळा, तोंडाला रुमाल बांधून फिरणारं अख्खं शहर आम्ही पाहिलंय. तेव्हाचा तो एच1एन1 विषाणू कुठे गेलेला नाही, तो आता मोसमी फ्लूतलाच एक झालाय. महाराष्ट्रात पावसाळ्यात तो डोकं वर काढतो, थंडी सरताना पुन्हा एकदा. पुण्यातल्या डॉक्टरला हे मी सांगायचं?

शनिवारी गणेश चतुर्थी. ताप जरा कमी होता, म्हणून आईंना स्वयंपाकघरात खुर्चीवर आणून बसवलं. मोदक त्यांच्या नजरेखाली झाले नाहीत तर त्यांना चैन पडत नाही. मी उकड मळून पहिली पारी करायला घेतली. दर वर्षी त्यांचं वाक्य ठरलेलं, ‘पारी पातळ कर, कडा जाड ठेवू नकोस.’ त्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘पारी...’ आणि थांबल्या. श्वास घेतला. ‘पातळ...’ पुन्हा श्वास. पुढचे शब्द आलेच नाहीत. मी वळून पाहिलं. पदर भराभर वरखाली होत होता. ‘पंखा लाव,’ एवढं कसंबसं म्हणाल्या. पंखा डोक्यावर गरगर फिरत होता.

हाताची उकड तशीच ठेवून मी घड्याळाकडे बघत पदराचं वरखाली होणं मोजलं. मिनिटाला 34. शेजारच्या काकूंनी करोनातला ऑक्सिमीटर आणून दिला. 86. तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. चूल बंद केली, गणपतीला हात जोडले आणि रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलात त्या तरुण डॉक्टरनं विचारलं, ‘ताप नेमका कधी सुरू झाला? तास सांगा.’ मी सांगितलं. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला, ‘85 तास.’ मग म्हणाला, ‘उशीर झालाय, पण इतक्या गंभीर पेशंटला अजूनही द्यायला हवी.’ घशातला स्वॅब घेतला आणि रिपोर्टची वाट न बघता गोळी सुरू केली. तीच गोळी, ऑसेल्टामिविर. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: एच1एन1. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. सहा दिवस आयसीयू, अकरा दिवस हॉस्पिटल.

गल्लीतल्या डॉक्टरांना मी पुढे रिपोर्ट नेऊन दाखवला. ‘अहो, त्यांना साखर आहे ना, म्हणून वाढलं,’ म्हणाले. अहो, साखर आहे म्हणूनच तर मी विचारत होते! भेटायला आलेल्या जाऊचंही तेच. ‘वय झालं की होतंच असं.’ मुलाच्या तापाबद्दल एक अक्षर नाही. दोघांनाही आईंचं वय आणि आईंची साखर आयती सापडली.

आता तुमच्यासाठी. हे मी अकरा दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून शिकलेय.

ताप आला की आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. फ्लूची गोळी पहिल्या 48 तासांत सुरू झाली तर सगळ्यात जास्त काम करते. प्रत्येक फ्लूला ती लागत नाही. धडधाकट माणूस विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉलवर आठवड्याभरात उठतो. पण 65च्या पुढचे, पाचच्या आतली मुलं, गरोदर बाया, मधुमेह, दमा, हृदय किंवा किडनीचे रुग्ण यांच्यासाठी सरकारी मार्गदर्शक सूचनाच सांगतात की फ्लूसारखी लक्षणं दिसली तर गोळीचा विचार लगेच करावा, तपासणीसाठी अडून राहू नये. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे बोला: ‘वय इतकं, आजार हे, ताप अमुक वाजता आला, फ्लूची गोळी द्यायची का? नसेल, तर का नाही?’ हसले तर हसू द्या. मी त्या दिवशी उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जायला हवं होतं. ही गोळी स्वतःच्या मनानं मात्र घेऊ नका. मोठ्या माणसाला साधारण 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात, पण किडनी अधू असेल तर मात्रा बदलते.

साधी सर्दी हळूहळू चढते, नाकापासून सुरू होते. फ्लू धाडकन पाडतो: ताप, थंडी, कोरडा खोकला, अंग आणि डोकं ठणकणं, सगळं काही तासांत. म्हाताऱ्या माणसांना कधी ताप फारसा येतच नाही, नुसती ग्लानी येते; तीही लक्षण म्हणून धरा.

अँटिबायोटिकचा विषाणूवर काडीचा परिणाम होत नाही. ताप उतरून बरं वाटत असतानाच दोन दिवसांनी पुन्हा चढला, खोकला वाढला, तर वरून जिवाणूंचा न्यूमोनिया झालेला असू शकतो; तेव्हा ते लागतं. ठरवतील डॉक्टर, पण नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. चिठ्ठी मागा. तो तुमचा हक्क आहे. मुलांना फ्लूत अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका, त्यानं यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

श्वास मोजायला शिका. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20 असतात. 30 झाले, ऑक्सिजन 94च्या खाली गेला, एक वाक्य एका दमात बोलता येईना, छातीत दुखलं, बेडक्यात रक्त दिसलं, ओठ निळसर पडले किंवा माणूस बरळायला लागला, तर सण असो की अमावास्या, हॉस्पिटल गाठा. लहान मुलाच्या बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल तर तेच करा. आम्ही ऑक्सिमीटर बुधवारीच लावला असता तर शुक्रवारी आकडा घसरताना दिसला असता.

फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार असावेत ते सुचवते. आपल्याकडे पावसाच्या आधी, मे-जूनमध्ये घेतलेली बरी. अंगी लागायला साधारण दोन आठवडे जातात. इंजेक्शनच्या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही. दंड दुखतो, क्वचित कणकण येते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण आयसीयूपर्यंत जायची वेळ पुष्कळदा टळते. सहा महिन्यांपुढच्या बाळांनाही देता येते. लहान मुलांना पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतरानं दोन डोस लागतात.

बाकी हात धुवा, बाहीत खोकला, भरपूर पाणी प्या, झोप घ्या. आल्याचा चहा, हळदीचं दूध घ्या, घशाला बरं वाटतं. पण त्याला औषध समजू नका.

आणि आजारी असाल तर कृपा करून घरी राहा. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस तो पसरवत असतो, मुलं त्याहूनही जास्त. तापाची गोळी न घेता 24 तास ताप आला नाही, तरच शाळा, ऑफिस, पूजा. गोळी देऊन ताप दाबलात तर तो कुणाला दिसत नाही, पण मांडीवर घेणाऱ्या आजीला मिळायचा तो मिळतोच.

यंदा मे महिन्यात आम्ही घरातल्या सगळ्यांनी लस घेतली. आई आता दोन जिने एका दमात चढत नाहीत, पहिल्या वळणावर कठड्याला धरून थांबतात. श्रावणातल्या सत्यनारायणाचं आमंत्रण करताना मी जाऊला फोनवर विचारलं, ‘घरात कुणाला ताप-सर्दी नाही ना?’ तिला राग आला. आली नाही. पुढच्या वर्षी मी पुन्हा विचारणार आहे.