थोडक्या गुणांनीं वैद्यकीय प्रवेश हुकल्यास काय करावें?

जून महिना उजाडला कीं आपल्या घरांत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक मृगाच्या पावसाची. व घरांत बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी असल्यास दुसरी नीट परीक्षेच्या निकालाची. पाऊस लांबला तर काय करावें हें आपणांस वाडवडिलांपासून ठाऊक आहे. परंतु निकालांत थोडे गुण कमी पडले म्हणजे जाणते शेतकरीही गांगरून जातात व दोन-चार दिवसांत असा कांहीं निर्णय करून बसतात कीं, त्याचें ओझें पुढें दहा वर्षें वाहावें लागतें. सबब या विषयाचा पद्धतशीर विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. मराठी शाळेंतील बेताच्या शिक्षणावर महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस आहे. परंतु फेरफाराचीं प्रकरणें हाताळतां हाताळतां जमीन कोणकोणत्या कारणांनीं हातची जाते, हें पुष्कळ पाहावयास मिळालें. लग्न, आजारपण व भाऊबंदकी हीं जुनीं कारणें होतींच. अलीकडे त्यांत मुलांच्या वैद्यकीय प्रवेशाची भर पडली आहे. २०२४ सालीं ती वेळ आमच्याच घरीं आली. माझ्या धाकट्या बंधूच्या मुलास मागील वर्षीं सरकारी जागा मिळाली असती इतके गुण मिळाले होते. परंतु त्या वर्षीं सर्वांचेच गुण वाढल्यामुळें तो थोडक्यांत मागें राहण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं. बंधूनें विहिरीखालचें दोन एकर रान विकण्याचें मनांत आणलें; गिऱ्हाईकही ठरलें. "दादा, पोराचें आयुष्य मोठें कीं जमीन?" असें तो मला विचारूं लागला. मीं म्हटलें, "दोन्ही मोठीं आहेत, म्हणूनच आठ दिवस थांब. आधीं हिशेब मांडूं." तोच हिशेब येथें क्रमानें देत आहें.

(१) गुण, क्रमांक व जागा

२०२५ च्या परीक्षेंत १८० प्रश्न व ७२० गुण होते. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तराबद्दल १ गुण वजा होतो. म्हणजे बरोबर येऊं शकणारें एक उत्तर चुकलें तर ५ गुणांचा फरक पडतो, आणि तेवढ्या फरकांत हजारों परीक्षार्थी पुढें निघून जातात. म्हणून थोडक्यांत हुकलेला विद्यार्थी व थोडक्यांत निभावलेला विद्यार्थी यांच्या बुद्धींत जमीन-अस्मानाचें अंतर असतें असें मानण्याचें कारण नाहीं.

दुसरें असें कीं, एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाच्या गुणांशीं ताडून पाहणें व्यर्थ आहे. २०२४ सालीं सुधारित निकालानंतरही १७ जणांस पूर्ण ७२० गुण होते. २०२५ सालीं प्रश्नपत्रिका कठीण निघाल्यानें देशांत पहिल्या आलेल्यासच ६८६ गुण मिळाले. म्हणून गुण न पाहतां क्रमांक पाहावा.

तिसरी गोष्ट पात्रतेची. २०२५ सालीं खुल्या वर्गास १४४ गुणांवर पात्र धरलें गेलें व देशांत १२ लाखांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले, परंतु एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. पात्रता म्हणजे बाजारसमितींत गाडी आणण्याचा परवाना होय. त्यावरून मालास भाव मिळेलच असें नाहीं. 'पोरगा नीट पास आहे, आतां फक्त पैशाचा प्रश्न' असें सांगणाऱ्यापासून सावध राहावें.

(२) फेऱ्या पुऱ्या होऊं द्याव्या

सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय वाट्यांतून व ८५ टक्के राज्याच्या वाट्यांतून भरतात. एकच विद्यार्थी दोन्हीकडे नांव नोंदवितो. एकीकडे जागा मिळाली कीं दुसरीकडची सुटते. त्यामुळें पुढील फेऱ्यांत यादी कांहींशी खालीं उतरते. पहिल्या फेरींत नांव न आल्यानें हाय खाऊन उठूं नये. पसंतीक्रम भरतांना गोंदिया, नंदुरबार, सिंधुदुर्ग अशीं दूरचीं सरकारी महाविद्यालयें केवळ दूर म्हणून गाळूं नयेत. पदवी तीच आहे. मात्र जेथें मिळालें तरी जाणार नाहीं असें नांव घालूं नये, व अनामत रक्कम केव्हां बुडते तो नियम त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेंत स्वतः वाचावा.

येथें जुन्या कारकुनाच्या नात्यानें एक सूचना करितों. गुणांनीं मिळणारी जागा कागदासाठीं गेल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचें प्रमाणपत्र व त्याची वैधता, नॉन-क्रिमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, हे सर्व कागद मूल अकरावींत असतांनाच जमविण्यास आरंभ करावा. जात वैधतेस वेळ लागतो. निकालानंतर तहसील कचेरींत जी गर्दी उसळते तींत धांवपळ करूनही मुदत साधत नाहीं. नांवांत काना-मात्रेचा फरक असेल तर तोही आधींच दुरुस्त करून घ्यावा.

(३) पुन्हा परीक्षेस बसावें काय?

या परीक्षेस आज कमाल वयाची अट नाहीं व किती वेळां बसावें यासही मर्यादा नाहीं. ही सवलत खरी, पण मर्यादा नाहीं म्हणूनच कांहीं मुलांचीं तीन-तीन, चार-चार वर्षें वांया जातात. सबब मर्यादा आपणच घालावी.

निर्णयापूर्वीं मुलानें आपली उत्तरपत्रिका व अधिकृत उत्तरसूची घेऊन बसावें आणि गेलेल्या गुणांच्या तीन राशी कराव्या: येत असून घाईनें चुकलेले, न येतां अंदाजानें ठोकून दिलेले, आणि धडाच समजला नव्हता म्हणून गेलेले. पहिल्या दोन राशी मोठ्या असतील तर एक वर्षाची मेहनत बहुधा फळास येते, कारण ज्ञान आहे, सराव कमी पडला. तिसरी रास मोठी असेल, व त्यांतही पदार्थविज्ञानाचे बहुतेक धडे असतील, तर त्याच शिकवणीस त्याच पद्धतीनें पुन्हा पाठविणें म्हणजे ज्या रानांत पाणी टिकत नाहीं तेथें पुन्हा भाताचीच लावणी करण्यासारखें आहे. मग शिकण्याची पद्धत तरी बदलावी किंवा वाट तरी बदलावी.

आणखी दोन अटी पाळाव्या. पहिली, पुन्हा बसण्याची इच्छा मुलाची स्वतःची असावी. बापाच्या हौसेनें दिलेलें वर्ष फुकट जातें. दुसरी, लातूर, नांदेड किंवा कोटा येथील शिकवणीचा व वसतिगृहाचा खर्च वर्षाच्या उत्पन्नांतून निघावा, जमिनीच्या विक्रींतून नव्हे. आणि तें वर्ष एकच, असें आरंभींच घरांत सर्वांसमक्ष ठरवावें.

(४) दुसरे मार्ग

दुबार पेरणीची पाळी आली म्हणजे शहाणा शेतकरी पहिल्याच वाणाचा हट्ट धरीत नाहीं. उरलेले दिवस व ओल पाहून वाण निवडतो. येथेंही तसेंच आहे. मात्र दुसऱ्या वाणाचें बीं आधीं घरांत असावें लागतें. कृषि, औषधनिर्माण इत्यादि शिक्षणक्रमांसाठीं राज्याची सीईटी परीक्षा उन्हाळ्यांत होते व तिचे अर्ज नीटच्या निकालाच्या कित्येक महिने आधीं बंद होतात. यास्तव बारावीच्या हिवाळ्यांतच दोन्ही अर्ज भरावे.

दंतवैद्यक, आयुर्वेद व होमिओपॅथी यांचे प्रवेश नीटच्याच क्रमांकावर होतात. दंतवैद्यक अंतर्वासितेसह ५ वर्षांचें व आयुर्वेद साडेपांच वर्षांचें आहे. आयुर्वेद घ्यावयाचें तर आयुर्वेद शिकण्याच्या आवडीनें घ्यावें. मागील दारानें एम.बी.बी.एस. होण्याची युक्ति म्हणून घेतल्यास दोन्हीकडचें समाधान जातें. परिचर्येची बी.एस्सी. ४ वर्षांची असून तिच्यासाठीं राज्यांत स्वतंत्र सीईटी घेण्यांत येते. रुग्णसेवेची खरी ओढ असलेल्या मुलामुलींनीं हा मार्ग कमी लेखूं नये. भौतिकोपचाराचाही विचार करण्याजोगा आहे.

आपल्या वाचकांस जवळचा वाटावा असा मार्ग पशुवैद्यकाचा. नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ २००० सालीं स्थापन झालें. त्याच्या अधिकारांत मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इत्यादि ठिकाणीं पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत. पैकीं मुंबईचें १८८६ सालचें आहे. शिक्षणक्रम अंतर्वासितेसह साडेपांच वर्षांचा असून प्रवेश नीटवरच होतो. शरीररचना, रोगनिदान, शस्त्रक्रिया, औषधें हे सारे विषय तेथें आहेत. मात्र रोगी बोलत नाहीं, त्यामुळें वैद्याच्या निरीक्षणाचा कस लागतो.

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषि विद्यापीठांतून कृषि पदवी ४ वर्षांत मिळते. या प्रवेशाच्या नियमांत शेतकरी कुटुंबांतील उमेदवारास सात-बाराच्या आधारें कांहीं अधिभार देण्याची तरतूद राहत आलेली आहे. चालू वर्षाचा नियम पाहून घ्यावा. ज्यानें घाईनें सगळी जमीन विकली त्याच्या हातीं हा उतारा कोठून येणार?

फीसंबंधीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानें ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस, शासनाच्या प्रवेशप्रक्रियेंतून घेतलेल्या व्यावसायिक शिक्षणासाठीं शिक्षण व परीक्षा शुल्कांत पूर्ण सवलत दिली. केवळ फीच्या धास्तीनें मुलीचें शिक्षण थांबविण्यापूर्वीं ही चौकशी अवश्य करावी.

(५) पैसे देऊन मिळणारी जागा

खाजगी महाविद्यालयांत यादीप्रमाणें व ठरलेल्या फीनें मिळालेली जागा झेपत असेल तर घेण्यास हरकत नाहीं. त्यासाठीं शैक्षणिक कर्जही मिळतें. परंतु यादीबाहेर, पावतीशिवाय मागितलेली देणगी ही कायद्यानेंच निषिद्ध आहे. राज्यांत तसा अधिनियम १९८७ चा आहे. अशा व्यवहारांत पैसा बुडाला तर हातीं कागद उरत नाहीं.

परदेशीं पाठविण्यापूर्वींही नियम वाचावे. नीटची पात्रता तेथेंही सुटत नाहीं. २०२१ च्या विनियमांप्रमाणें शिक्षणक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमांतील असावा, त्याच संस्थेंत १२ महिन्यांची अंतर्वासिता व्हावी, आणि त्या देशांत वैद्यक करण्याची परवानगी मिळण्यास ती पदवी पुरेशी असावी. परत आल्यावर येथील चाळणी परीक्षेंत ३०० पैकीं १५० गुण मिळवावे लागतात व पुन्हा १२ महिने अंतर्वासिता करावी लागते. या चाळणींत बहुसंख्य उमेदवार अडकतात. फेब्रुवारी २०२२ मध्यें युक्रेनमध्यें युद्ध सुरू होतांच हजारों भारतीय विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून परतले, हेंही विसरूं नये. दलाल सांगतो तो खर्च जाण्याचा असतो. आपण परत येऊन उभें राहीपर्यंतचा खर्च मोजावा.

(६) घरांतील बोलणें

सर्वांत नाजूक भाग हाच. "शेजाऱ्याच्या पोराला मिळालें, तुला कां नाहीं?" हें एक वाक्य मुलाच्या काळजांत जें रुततें तें आपणांस दिसत नाहीं. पीक बुडालें म्हणून आपण रानास शिव्या देत नाहीं. निकालानंतर मूल जेवत नसेल, झोपत नसेल, कोणाशीं बोलत नसेल, तर त्यास एकटें सोडूं नये व 'होईल सगळें ठीक' म्हणून दुर्लक्षही करूं नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. तेथें बोलण्यांत कमीपणा नाहीं. वर्ष गेलें तर दुसरें येतें, जागा गेली तर दुसरी मिळते. मूल गेलें तर कांहींच उरत नाहीं.

समारोप

आमच्या पुतण्यानें आठ दिवस आपल्या चुकांच्या राशी केल्या. तिसरी रास मोठी निघाली. पुन्हा बसण्याची त्याची इच्छा नव्हती. ही गोष्ट त्यानें बापाच्या भीतीनें तोंवर सांगितली नव्हती, इतकेंच. फेऱ्या संपेपर्यंत आम्हीं थांबलों, एम.बी.बी.एस. आलें नाहीं, आणि त्यानें पशुवैद्यक पत्करलें. आज तो तेथें शिकत आहे. दवाखान्यांत तरुण डॉक्टर दिसला कीं अजूनही कधींकधीं त्याचें मन चरकतें, हें त्यानेंच मला सांगितलें; तें मी लपवीत नाहीं. परंतु गेल्या दिवाळींत तो घरीं आला तेव्हां म्हशीच्या कासेवर हात ठेवून दाह सुरू झाल्याचें त्यानें आमच्याआधीं ओळखलें व वेळीच उपचार करविला. बंधू कांहीं बोलला नाहीं. धार काढण्याचें भांडें मात्र त्यानें मुलाच्या हातीं दिलें. विहिरीखालचें दोन एकर रान अद्याप बंधूच्याच नांवावर आहे.

सारांश, निकालानंतर आठ दिवस कोणताही व्यवहार करूं नये. क्रमांक पाहावा, कागद जुळवावे, फेऱ्या संपूं द्याव्या, चुकांच्या राशी कराव्या, आणि मग मुलास समोर बसवून त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकावें. पेरणी हुकली म्हणून वर्ष हुकत नाहीं. घाईनें बैल विकला तर मात्र पुढचीं वर्षेंही हुकतात.